‘सेंद्रिय’ शिक्का आणि पाकिटातलं मीठ

शेवगा_शेंग (धागाकर्ता)

सेंद्रिय मालाच्या दुकानांत आता धान्य-डाळींपेक्षा तयार पाकिटंच जास्त दिसतात. नूडल्स, मसाला ओट्स, उपमा मिक्स, केचप, लोणची, पापड, कोकमाचं आगळ, चटण्या. पुढच्या बाजूला शेत, हिरवं पान, ‘रसायनमुक्त’. मागच्या बाजूचा तक्ता वाचला तर सोडियमचा आकडा शेजारच्या साध्या पाकिटाइतकाच, आणि काही पदार्थांत त्याहून जास्त.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे उलटं झालंय. शिक्का आवडतीचा असल्यामुळे तिचं खारट कुणाला खारट लागतच नाही. रक्तदाबाच्या माणसासाठी आणि लहान मुलांसाठी हीच पाकिटं मुद्दाम विश्वासाने आणली जातात, हे मला जास्त गंभीर वाटतं.

तेव्हा जाणकारांनी सांगावं: सेंद्रिय प्रमाणपत्रात मिठावर काही मर्यादा असते का? या पदार्थांत मीठ जास्त पडण्यामागे तांत्रिक कारण आहे की फक्त चव? आणि दुकानात उभं राहून, कॅल्क्युलेटर न काढता, पाकीट खारट आहे की नाही हे ओळखायचं कसं?

---

मोजमाप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही.

एनपीओपी म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. देशातल्या विक्रीसाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे, त्यातूनच ‘जैविक भारत’चं चिन्ह आलं. प्रक्रिया केलेल्या पदार्थाला ‘सेंद्रिय’ म्हणायचं तर घटकांपैकी किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय लागतात. पण ही टक्केवारी काढताना वरून घातलेलं पाणी आणि मीठ हिशोबात धरतच नाहीत. मीठ हा शेतमाल नाही, ते खनिज. म्हणून लोणच्यात ५ टक्के मीठ असो की १५, सेंद्रिय टक्केवारीवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. मीठ हिशोबाच्या बाहेर आहे आणि तिथेच सगळं अडतं.

शिक्का सांगतो की पीक कसं वाढलं आणि प्रक्रियेत काय वापरायला मनाई होती. पदार्थाच्या पोषणाबद्दल तो काही सांगत नाही. साखरेचंही तसंच.

---

नाचणी

म्हणजे ‘सेंद्रिय मीठ’ असं लिहिलेली पाकिटं विकतात ती?

---

मोजमाप

@नाचणी, वर लिहिलेल्या कारणानेच ते लिहिणं इथल्या नियमांत बसत नाही. सैंधव, समुद्री, मिठागराचं खडे मीठ, काहीही असो. ‘न धुतलेलं’, ‘उन्हात वाळवलेलं’ हे खरं असू शकतं. सेंद्रिय नाही.

---

पाटावरवंटा

सेंद्रिय पदार्थांत बहुतेक ठिकाणी सैंधव वापरतात हो. सैंधवात सोडियम कमी असतं ना? मग आकड्याची एवढी भीती कशाला?

---

डॉ. निर्गुडी

@पाटावरवंटा, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने नुकसान होतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

सैंधव हे साधारण ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. बाकीच्या दोन-तीन टक्क्यांत लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे. त्या खनिजांचा उपयोग होण्याइतकं सैंधव खाल्लं तर त्याआधी सोडियम मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असेल. काळं मीठ म्हणजे पादेलोण, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, वास गंधकाच्या संयुगांचा. खडे मीठ चमच्यात कमी बसतं एवढाच फरक: सपाट छोट्या चमच्यात (५ मिली) बारीक मीठ ६ ग्रॅम, जाडं मीठ त्याहून थोडं कमी. वजनाला वजन लावलं तर सोडियम जवळपास सारखंच.

उलट एक गोष्ट कमी असते, ती आयोडीन. सैंधव आणि मिठागराच्या मिठात ते वेगळं मिसळलेलं नसेल तर नगण्य असतं. घरात सगळंच सैंधव झालं असेल तर याचा विचार करावा, विशेषतः गरोदर बाई घरात असेल तेव्हा.

मर्यादेचं: जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे २,००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम. देशपातळीच्या सर्वेक्षणात आपली सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास आली आहे. म्हणजे पाकीट फोडायच्या आधीच आपण पुढे गेलेलो असतो.

---

खलबत्ता

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावरूनच वेगळा मुद्दा मांडतो. आपल्याकडे पोटात जाणारं बहुतांश मीठ घरच्या स्वयंपाकातून जातं. आमटी, भाजी, भाताला वरून, कोशिंबिरीला वरून, ताटात डावीकडे चिमूटभर. युरोप-अमेरिकेत उलटं आहे, तिथे बहुतेक मीठ पाकिटातून आणि ब्रेडमधून येतं. तिथला वाद जसाच्या तसा इथे आणून सेंद्रिय पाकिटांना झोडपण्यात अर्थ नाही. आधी ताटातली डावी बाजू आवरा.

---

शेवगा_शेंग (धागाकर्ता)

@खलबत्ता, सरासरी म्हणून मान्य. पण सरासरीत गावातलं घरही आहे आणि सकाळी मसाला ओट्स, चारला नूडल्स, रात्री तयार सूप असं शहरातलं घरही. सेंद्रिय पाकिटं घेणारं घर बहुधा दुसरं असतं. शिवाय घरच्या मिठाचा चमचा आपल्या हातात असतो, पाकिटातलं आधीच घातलेलं असतं. काढता येत नाही.

---

खलबत्ता

‘काढता येत नाही’ हे पटलं.

---

बरणी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे तांत्रिक कारणाबद्दल लिहिते. लोणची-सॉस करणाऱ्या बचत गटांना प्रशिक्षण देताना हाच विषय सगळ्यात जास्त वेळ खातो.

साध्या लोणच्यात उत्पादकाच्या हाताशी सोडियम बेन्झोएट असतं, त्यामुळे मिठाचा हात आखडता घेतला तरी माल टिकतो. सेंद्रिय मालात बेन्झोएट नाही, पोटॅशियम सॉर्बेट नाही. मग हातात उरतं काय? मीठ, साखर, आम्ल (लिंबूरस, व्हिनेगर, सायट्रिक आम्ल), तेल, उष्णता आणि वाळवण. यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कौशल्य मागणारं म्हणजे मीठ. म्हणून तेच वाढतं.

चवीतही तेच होतं. सूप, नूडल्स, चिप्सच्या मसाल्यात साधा उत्पादक अजिनोमोटो वापरतो. सेंद्रियात ते चालत नाही. मग ती भरीव चव आणण्यासाठी यीस्टचा अर्क, टोमॅटो पावडर, सुके मशरूम वापरावे लागतात आणि ते महाग. मीठ किलोला काही रुपये.

आता मीठ टिकवतं कसं, तेही समजून घ्या, म्हणजे कुठे कमी करता येईल ते कळेल. पदार्थातलं पाणी मीठ बांधून ठेवतं, जंतूंना ते वापरता येत नाही. जंतूंना वापरता येईल अशा पाण्याच्या मापाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याची १. दहा टक्के मिठाच्या पाण्याची ती ०.९३ च्या आसपास येते आणि मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं (साधारण २६ टक्के) तर ०.७५. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली थांबतात, बुरशी मात्र ०.८० पर्यंतही वाढते. म्हणजे १० टक्के मिठाचं लोणचं एकट्या मिठाने टिकत नाही. ते टिकतं मीठ + कैरीचा आंबटपणा + वर तेलाचा थर, या तिघांच्या जोरावर. म्हणूनच आंबटपणा नीट सांभाळला तर मीठ खाली आणता येतं.

---

पाटावरवंटा

पण बेन्झोएटमध्येही ‘सोडियम’ आहेच की. ते काढलं म्हणजे तेवढं सोडियम कमी झालं नाही का?

---

मोजमाप

करून बघू. लोणच्यात बेन्झोएटची मर्यादा किलोला २५० मिलीग्रॅम, तीही बेन्झोइक आम्ल म्हणून मोजलेली. तेवढ्यासाठी साधारण ३०० मिलीग्रॅम सोडियम बेन्झोएट लागतं आणि त्यात सोडियम सोळा टक्के. म्हणजे किलोला ४८, शंभर ग्रॅमला पाचच्या आत. त्याच शंभर ग्रॅम लोणच्यात १० टक्के मिठाचं सोडियम ३,९३० मिलीग्रॅम. बेन्झोएट गेल्याने पाच मिलीग्रॅम गेले आणि भरपाईला दोन टक्के मीठ वाढवलं तर जवळपास आठशे आले.

बेन्झोएट चांगलं असं मी म्हणत नाही. पण सोडियमच्या हिशोबात ते कुठेच नाही.

---

ऊन_सावली

+१. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ आणि ‘मीठ कमी’ या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. बऱ्याचदा एक दुसरीच्या जिवावर उभी असते.

---

थेम्सकाठी

इंग्लंडमधल्या लेबलांची पद्धत इथे लिहितो, तुलनेला उपयोगी पडेल. इथे आणि युरोपात पाकिटावर सोडियम नव्हे, थेट मीठ ग्रॅममध्ये लिहितात (सोडियम गुणिले २.५). भारतात आणि अमेरिकेत सोडियम मिलीग्रॅममध्ये. त्यामुळे परदेशी पाकिटावरचं ‘१.२’ आणि देशी पाकिटावरचं ‘४८०’ हे एकच प्रमाण आहे, हे पटकन लक्षात येत नाही.

इथल्या लाल-पिवळा-हिरवा पद्धतीत १०० ग्रॅममध्ये १.५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असेल तर लाल, ०.३ ग्रॅम किंवा कमी असेल तर हिरवा. भारतीय लेबलच्या भाषेत ६०० मिलीग्रॅम सोडियमच्या वर लाल आणि १२० पर्यंत हिरवा. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी दुकानात पुरे. हे रंग लावणं इथे ऐच्छिक आहे, पण सेंद्रिय म्हणून वेगळी सूट नाही. सेंद्रिय सूप, सॉस, बेक्ड बीन्स सगळ्यांना तेच निकष.

---

मोजमाप

@थेम्सकाठी यांचे आकडे उत्तम. त्यात एक भर.

भारतीय नियमांनुसार (लेबलिंगचे २०२० चे) शंभर ग्रॅमचा आकडा आणि एका वाढपामागे रोजच्या गरजेच्या किती टक्के, हे द्यावं लागतं. तो टक्का २,००० किलोकॅलरी आणि २,००० मिलीग्रॅम सोडियम धरून काढतात. दोन्ही आकडे सारखे, यातूनच एक सोपी युक्ती निघते:

एकाच रकान्यात सोडियमचा आकडा (मिलीग्रॅम) ऊर्जेच्या आकड्यापेक्षा (किलोकॅलरी) मोठा असेल तर पदार्थ दिवसाच्या हिशोबापेक्षा खारट आहे.

३१० किलोकॅलरीचं नूडल्सचं पाकीट आणि सोडियम ८५० असेल तर ऊर्जेचा सहावा हिस्साही मिळाला नाही आणि मिठाचा दिवसाचा कोटा चाळीस टक्क्यांहून अधिक संपला. भागाकार नको, गुणाकार नको, नुसते दोन आकडे शेजारी ठेवायचे.

ही युक्ती फसते कुठे: तळलेल्या पदार्थांत. चिप्समध्ये तेलाच्या कॅलरी इतक्या असतात की ५४० किलोकॅलरीला ५२० सोडियम ‘पास’ होतं. तिथे थेम्सकाठींचा ६०० चा आकडाही थोडक्यात हुकतो. अशा वेळी आपण प्रत्यक्ष किती ग्रॅम खाणार हाच हिशोब. उलट सूपमध्ये कॅलरी इतक्या कमी की बिचारं सूप नेहमीच नापास. तिथे वाटीमागचं सोडियम बघावं.

---

ऊन_सावली

वाढपाचा खेळही लिहा कुणीतरी. ७० ग्रॅमच्या पाकिटावर ‘एक वाढप ३५ ग्रॅम’ असतं. अर्धं पाकीट नूडल्स कोण खातं?

---

मोजमाप

म्हणूनच टक्क्याचा रकाना सोडून शंभर ग्रॅमचा घ्यायचा आणि पाकिटाच्या वजनाने गुणायचं. ४०० मिलीग्रॅम सोडियम = १ ग्रॅम मीठ, एवढं पाठ असलं की झालं.

आणखी एक: कोरड्या मिक्सचा शंभर ग्रॅमचा आकडा कोरड्याचा असतो. उपमा मिक्स शंभर ग्रॅम म्हणजे शिजल्यावर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. त्याची तुलना तयार, ओल्या पदार्थाच्या आकड्याशी करू नये.

---

आगळवेगळा

नावाला जागून आगळाबद्दल लिहितो, कारण कोकणातला हा सेंद्रिय माल शहरात भरपूर जातो आणि यातलं मीठ कुणी मोजत नाही.

कोकमाची पिकलेली फळं फोडून मिठासकट बरणीत थर लावायचे, सुटलेला रस म्हणजे आगळ. टिकायला मिठाशिवाय दुसरं काही घालत नाहीत. त्यामुळे मीठ साधारण १५ ते २० टक्के असतं. मोठा चमचा (१५ मिली) आगळ म्हणजे १७ ग्रॅम धरा: त्यात अडीच ते जवळपास साडेतीन ग्रॅम मीठ. दिवसाच्या निम्म्याहून जास्त, एका चमच्यात.

एका नारळाच्या दुधाच्या सोलकढीला चार मोठे चमचे आगळ घालतात. चौघांत वाटली तरी प्रत्येकाच्या पेल्यात अडीच ग्रॅमच्या वर मीठ. आणि कृतीत शेवटी ‘चवीनुसार मीठ’ असतं ते निराळं!

आगळ वापरूच नका असं नाही. सोलकढीला दोन चमचे आगळ, आणि उरलेला आंबटपणा व रंग बिनमिठाच्या आमसुलांतून काढा. १०-१२ आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची. वरून मीठ घालायचं नाही. आमसूल घेताना विचारून घ्या, मिठाच्या रसात बुडवून वाळवलेलं वेगळं आणि बिनमिठाचं वेगळं. मिठाचं आमसूल बोटाला चिकट-ओलसर लागतं, पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. बिनमिठाचं कडक राहतं.

---

नाचणी

बिनमिठाचा कोकमरस काढून टिकवता नाही का येणार?

---

आगळवेगळा

येतो, पण फ्रीझरमध्येच. बर्फाच्या साच्यात गोठवून खडे पिशवीत भरायचे. बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत फसफसतो, कारण फळात साखर आहे आणि यीस्टला आंबटपणाचं वावडं नाही. दुकानात बिनमिठाचा, बिनसाखरेचा रस बाहेरच्या फळीवर दिसला तर तो उष्णतेने निर्जंतुक करून बंद केलेला असतो, बाटली उघडली की फ्रीजमध्येच ठेवावा लागतो.

---

तांबडी_माती

पापडाचंही कुणी लिहा. सेंद्रिय उडीद, सेंद्रिय मूग, पण खारटपणा तोच.

---

बरणी

पापडात दोन ठिकाणांहून सोडियम येतं, मीठ आणि पापडखार. उदाहरण म्हणून किलोभर पिठाला ४० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम पापडखार (सोडा) धरा. मिठात ३९ टक्के सोडियम, म्हणजे १५.७ ग्रॅम. खाण्याच्या सोड्यात २७ टक्के, म्हणजे ५.५ ग्रॅम. एकूण एकवीस ग्रॅम, साधारण अकराशे ग्रॅम पापडांत. शंभर ग्रॅमला १,९०० मिलीग्रॅम. दहा ग्रॅमच्या पापडातून १९०, म्हणजे अर्धा ग्रॅम मिठाइतकं. दोन पापड, एक ग्रॅम.

लक्षात घ्या, त्यातला चौथा हिस्सा खाराचा आहे आणि तो जिभेला खारट लागत नाही. ‘मीठ कमी’ म्हणून कुणी मीठ अर्धं केलं आणि खार तसाच ठेवला तर चव निम्मी खारट, सोडियम मात्र एक तृतीयांशाहून थोडंच जास्त उतरलेलं. खार एकदम काढता येत नाही, त्याच्याशिवाय पीठ ताणलं जात नाही आणि पापड फुलत नाही, भाजला की कडक पत्रा होतो. खार पंधरा ग्रॅमवर आणून पीठ जास्त कुटलं, तेलाच्या हाताने नीट मळलं आणि दोन तास झाकून ठेवलं तर लाटणं जमतं. मिरी, हिंग, जिरं थोडं वाढवलं की मीठ तीस ग्रॅमवर आणलं तरी पापड अळणी लागत नाही.

पापड हा वाळलेला पदार्थ आहे, टिकण्यासाठी मीठ लागत नाही. नीट सुकवला आणि हवाबंद ठेवला की पुरे. त्यामुळे लोणच्यात ‘टिकायला लागतं’ हे उत्तर चालतं, पापडात चालत नाही. इथे उत्पादकाला खरोखर वाव आहे.

---

मोजमाप

@बरणी, फारच नेमकं. ‘मीठ घातलेलं नाही’ असा दावा करणाऱ्यांसाठी नियमही तेच सांगतो (दाव्यांचे २०१८ चे नियम): वरून कुठलाही सोडियमचा क्षार घातलेला चालत नाही, लोणचं-सॉससारखा खारट घटकही नाही. म्हणजे पापडखार घातलेल्या पापडावर तसं लिहिता येणार नाही. ‘सोडियम कमी’ लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये १२० मिलीग्रॅमच्या आत हवं. पाकिटावर ‘कमी खारट’, ‘सौम्य’ असे गुळमुळीत शब्द दिसले तर मागचा तक्ता पाहा.

---

खलबत्ता

मग लोणच्यात मीठ कमी करणं किती शक्य आहे? @बरणी, प्रमाण द्याल का? आणि कैरीसारखंच लसणाचं, हिरव्या मिरचीचं करता येईल का?

---

बरणी

कैरीचं आधी.

नेहमीचं प्रमाण: १ किलो फोडींना १५० ग्रॅम मीठ, मसाला आणि तेल धरून एकूण दीड किलो. म्हणजे १० टक्के. दहा ग्रॅमच्या चमच्यात १ ग्रॅम मीठ.

कमी मिठाचं: १ किलो फोडी, १०० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम हळद. चोवीस तास झाकून ठेवा, दोन-तीनदा हलवा. अडीचशे मिलीच्या आसपास पाणी सुटेल. ते निथळून वेगळं काढा (आमटीला मिठाऐवजी वापरता येतं). फोडी सुती कापडावर चार-पाच तास पसरा, कडक उन्हात नाही, वाऱ्याला. मग मोहरीची डाळ ८० ग्रॅम, तिखट ४० ग्रॅम, मेथी १०, हिंग ५, आणि गरम करून पूर्ण गार केलेलं तेल पाव लिटर. शेवटी मीठ ६ ते ७ टक्के पडतं. बरणी कोरडी, तेल फोडींच्या वर बोटभर. आणि हे फ्रीजमध्ये, दोन-तीन महिने. वर्षभर बाहेर ठेवायचं असेल तर हे प्रमाण वापरू नका.

बिघडतं ते असं: फोडी पुरेशा सुकल्या नाहीत तर तेलाखाली पाणी साचतं, वर पांढरा पापुद्रा येतो. तेल फोडींखाली गेलं की वर आलेल्या फोडीवर बुरशी धरते. ओला चमचा गेला तर दोन्ही.

आता लसूण आणि मिरची. इथे मीठ कमी करण्याचा प्रयोग आम्लाशिवाय करू नका. कैरी मुळातच खूप आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३ च्या आसपास, तिथे बिघडलं तर बुरशी-यीस्टच. लसणाचा पीएच साडेपाच-सहा. वर तेलाचा थर म्हणजे हवा बंद. कमी आम्ल, कमी मीठ आणि हवा नाही, ही बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जिवाणूला हवी तशी जागा. त्याचं विष वासाने, रंगाने, चवीने कळत नाही. तो जिवाणू थांबवायला पीएच ४.६ च्या खाली हवा किंवा पाण्याच्या अंशात मीठ १० टक्क्यांच्या वर. मीठ काढायचं असेल तर आम्ल आलंच पाहिजे. लसूण-मिरची लिंबूरसात किंवा व्हिनेगरमध्ये आधी पूर्ण मुरवून, पाकळीच्या आतपर्यंत आंबट झाल्यावरच तेल. विक्रीसाठी करत असाल तर पीएच ४ च्या खाली ठेवा.

---

मोजमाप

पीएच मोजण्याबद्दल दोन ओळी, कारण गटांकडून इथेच चूक होते. कागदी पट्टी वापरू नका, हळद-तिखटाचा रंग पट्टीला लागतो आणि आकडा चुकतो. हातातलं पीएच मीटर घ्या, दरवेळी ४ आणि ७ च्या द्रावणाने जुळवून घ्या. नुसता लोणच्याचा खार (सुटलेला रस) मोजू नका. फोडी निथळून, तेल टिपून, थोड्या डिस्टिल्ड पाण्यात वाटून तो लगदा मोजा. फोडीच्या आतला पीएच महत्त्वाचा, खाराचा आधीच खाली आलेला असतो.

मिठाचं प्रमाण प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने काढतात. ०.१ नॉर्मल द्रावणाचा १ मिली = ५.८५ मिलीग्रॅम मीठ. लोणच्यात हळदीच्या रंगामुळे शेवटचा बदल दिसत नाही, म्हणून नमुना आधी जाळून राख करतात. वाहकतेवर चालणारं स्वस्त ‘सॉल्ट मीटर’ सूप-आमटीला ठीक, तेलकट लोणच्याला निरुपयोगी. आणि यातलं काहीच पापडखाराचं सोडियम दाखवत नाही, कारण सिल्व्हर नायट्रेट क्लोराइड मोजतं. पापडाचं खरं सोडियम हवं असेल तर फ्लेम फोटोमीटर (सोडियम थेट मोजणारं उपकरण) असलेली प्रयोगशाळा शोधा.

---

पाटावरवंटा

लसणाचं हे माहीत नव्हतं. मनापासून आभार, @बरणी. हा प्रतिसाद वेगळा काढून वर लावावा अशी संपादकांना विनंती.

---

ऊन_सावली

पोटॅशियमचं मीठ मिळतं बाजारात, ‘लो सोडियम’ म्हणून. ते घालून हा प्रश्न सुटत नाही का?

---

डॉ. निर्गुडी

काही अंशी सुटतो, पण सगळ्यांसाठी नाही. चीनमध्ये वीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) ७५ टक्के सोडियम क्लोराइड + २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ दिलं, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. तो गट जास्त धोक्याचा होता, आधी पक्षाघात झालेले किंवा साठीच्या पुढचे रक्तदाबाचे रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये घरच्या वापरासाठी अशा मिठाची सशर्त शिफारस केली आहे.

मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर, एआरबी गटातली औषधं किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकाच घरात एकाला ते उपयोगी आणि दुसऱ्याला घातक असं होतं, म्हणून घरभर सरसकट बदलण्याआधी प्रत्येकाची औषधं बघा.

---

शेवगा_शेंग (धागाकर्ता)

चर्चा खूप पुढे गेली, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातला एक भाग राहिलाय: लहान मुलं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सेंद्रिय नूडल्सचं एक पाकीट दिलं तर किती जातं आणि किती चालतं?

---

थेम्सकाठी

इथल्या आरोग्य सेवेचे आकडे: १ ते ३ वर्षं दिवसाला २ ग्रॅम मीठ, ४ ते ६ वर्षं ३ ग्रॅम, ७ ते १० वर्षं ५ ग्रॅम, त्यापुढे ६. वर्षाच्या आतल्या बाळाला १ ग्रॅमपेक्षाही कमी. हे कमाल आकडे आहेत.

---

मोजमाप

मग हिशोब सोपा. ८५० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे २.१ ग्रॅम मीठ. सहा वर्षांच्या मुलाच्या तीनपैकी दोन ग्रॅम एका पाकिटात. आणि पाकिटावरचा ‘रोजच्या गरजेच्या ४२ टक्के’ हा आकडा मोठ्या माणसाचा आहे. मुलासाठी तो ७० टक्के होतो. मुलांचं चित्र पुढे आणि मोठ्यांचा टक्का मागे, ही पाकिटांतली सगळ्यात चुकीची गोष्ट आहे.

---

नाचणी

मसाल्याची पुडी अर्धीच घातली तर?

---

बरणी

फरक पडतो, पण निम्मा नाही, कारण काही मीठ नूडल्सच्या वडीतही असतं. वडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या, वडीतलं थोडं मीठ पाण्याबरोबर जातं. मग ताज्या पाण्यात पुडीचा तिसरा हिस्सा, किसलेलं गाजर, मटार, एक टोमॅटो बारीक चिरून शिजवलेला, शेवटी लिंबू. टोमॅटो आणि लिंबू असले की मीठ कमी आहे हे मुलाला जाणवत नाही. उरलेली पुडी जपून ठेवू नका, ती पुढच्या वेळच्या पाकिटात जास्तीची पडते.

मसाला ओट्सचं त्याहून सोपं. साधे ओट्स घ्या आणि घरची फोडणी द्या. चार वाट्या शिजलेल्या ओट्सला पाऊण छोटा चमचा मीठ पुरतं, वाटीला साधारण १ ग्रॅम.

---

तांबडी_माती

केचपचं राहिलं. सेंद्रिय केचप मुलं चमच्याने खातात.

---

बरणी

केचपला टिकायला मीठ लागत नाही. नियमाने त्यात किमान २५ टक्के विरघळलेले घन पदार्थ आणि १ टक्का आम्ल असतंच, पीएच ४ च्या खाली जातो. ८५ अंशांच्या वर गरम असताना बाटली भरून उलटी केली की बंद बाटली टिकते. मीठ तिथे फक्त चवीचं, दोन-अडीच टक्के, म्हणजे मोठ्या चमच्याला अर्ध्या ग्रॅमच्या थोडं आत. घरी केलं तर एक टक्क्यावर छान लागतं, एक किलो तयार केचपला १० ग्रॅम. फक्त उघडल्यावर फ्रीज आणि महिनाभरात संपवणं.

---

आगळवेगळा

@नाचणी, गोठवलेल्या कोकमाच्या खड्यांचं प्रमाण वर लिहायचं राहिलं: एका पेल्याच्या सोलकढीला दोन खडे (साधारण ३० मिली), मीठ दोन चिमटी. नारळाचं दूध शेवटी घाला आणि गरम करू नका, फाटतं.